शुश्रूषेचे नेतृत्व

मनुष्याचा मेरुरज्जू जाडीने जेमतेम करंगळीएवढा असतो. ताडाच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडल्याने, विहिरीत कोसळल्याने, बांधकामाच्या परांचीवरून तोल गेल्याने अथवा रस्त्यावरील अपघातात त्याला गंभीर इजा झाली, तर इजेच्या खालच्या शरीराची हालचाल आणि संवेदना ही दोन्ही नाहीशी होतात. हालचाल गेल्याचे दुःख सर्वांना दिसते. संवेदना गेल्याचा धोका मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. निरोगी माणूस झोपेतही अनेकदा कूस बदलतो, कारण एका अंगावर फार वेळ भार पडला की शरीर कुरकुर करू लागते. बधिर झालेले शरीर कुरकुर करीत नाही. माकडहाड, नितंब, टाचा अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेल्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो, ती काळवंडते, फुटते आणि पाहता पाहता तेथे मूठ मावेल एवढा व्रण तयार होतो. या शय्याव्रणांतून रक्तात पसरणारे जंतू आणि मूत्राशय नीट रिकामे न झाल्याने निकामी होणारी मूत्रपिंडे, या दोन कारणांनी असे रुग्ण पूर्वी दगावत असत. आजही जेथे काळजी घेतली जात नाही तेथे दगावतात. कमरेशी मोडलेला मणका स्वतः क्वचितच प्राण घेतो.

व्रण टाळण्याचा उपाय साधा आहे. रुग्णाला दर दोन तासांनी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवावयाचे, म्हणजे अहोरात्रीत बारा वेळा. त्यासाठी यंत्र लागत नाही आणि औषधही लागत नाही. लागतात ती दोन माणसे, आणि ती पहाटे तीन वाजताही जागी असावी लागतात. अपंगांच्या प्रत्यक्ष शुश्रूषेचे कार्यक्रम चालविणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो. शस्त्रक्रिया एकदा करावयाची असते आणि ती निष्णात माणूस करतो. शुश्रूषा आयुष्यभर करावयाची असते आणि ती बहुधा संस्थेतील सर्वांत कमी वेतनाचा नोकर किंवा घरातील एखादी स्त्री करते. तिच्या हातून ते काम चुकू नये आणि ते करता करता ती स्वतःही खचू नये, अशी व्यवस्था लावणे हे नेतृत्वाचे काम होय.

या कामाचा आधुनिक इतिहास इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे सुरू होतो. पहिल्या महायुद्धात मेरुरज्जूला इजा झालेले बहुसंख्य सैनिक फार काळ जगले नव्हते. त्यामुळे अशा जखमींविषयी डॉक्टरांच्या मनात एक प्रकारची उदासीनता निर्माण झाली होती. त्यांना वेदना होऊ न देणे एवढेच आपले कर्तव्य, असे मानले जाई. लुडविग गुटमान हे जर्मनीतील ज्यू मज्जाशल्यचिकित्सक होते. नाझी राजवटीमुळे ते १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये आश्रयाला आले. युरोपवर होणाऱ्या स्वारीत मोठ्या संख्येने सैनिक जखमी होणार हे ओळखून ब्रिटिश सरकारने १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे मेरुरज्जूच्या इजांसाठी स्वतंत्र विभाग उघडला व तो गुटमान यांच्याकडे सोपविला. ज्या कामात यश येत नाही असे सर्वांचे मत होते, ते काम एका निर्वासिताकडे आले, यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे काही नाही.

गुटमान यांनी पहिल्यांदा काय केले? रुग्णांना प्लास्टरच्या साच्यात जखडून ठेवण्याची पद्धत त्यांनी बंद केली आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम घातला. नियम घालणारे अनेक असतात. गुटमान रात्री स्वतः विभागात येत आणि रुग्णांना खरोखरच वळविले जाते किंवा नाही हे पाहत. ते कडक शिस्तीचे, काहीसे हुकूमशाही वृत्तीचे होते, आणि त्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. तरीही रुग्ण त्यांना प्रेमाने ‘पॉपा’ म्हणत. व्रण भरू लागले, ताप उतरू लागले, आणि मरणाची वाट पाहत पडलेली तरुण माणसे खाटेवर उठून बसू लागली. मग त्यांच्या हातांना काम हवे, हे ओघानेच आले. लाकूडकाम, घड्याळदुरुस्ती यांचे वर्ग सुरू झाले. चाकांच्या खुर्चीतून खेळावयाचे खेळ सुरू झाले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९६० मध्ये रोम येथे २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडू जमले व पुढे तीच पहिली पॅरालिंपिक स्पर्धा म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, ते याच परंपरेत. जगाला गुटमान आठवतात ते या खेळांमुळे. परंतु ज्यांना असे एखादे केंद्र चालवावयाचे आहे, त्यांनी त्या रात्रीच्या फेऱ्या अधिक लक्षात ठेवाव्यात.

गुटमान यांच्या पद्धतीला एक मर्यादा होती. मूत्राशय रिकामे करण्यासाठी ठरावीक वेळी नळी घालून काढून घेण्याची जी रीत त्यांनी बसविली, ती संपूर्ण निर्जंतुक वातावरणात आणि बहुधा डॉक्टरांच्याच हातून पार पडे. अशी सोय रुग्णालयात होऊ शकते. घरी होत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लापिडेस यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी एवढे असले की पुरते. मूत्राशय वेळेवर व पूर्ण रिकामे होणे हे निर्जंतुकतेपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. ज्याचे हात चालतात असा कोणताही रुग्ण हे काम दर चार ते सहा तासांनी स्वतः करू शकतो. लहान मुलासाठी ते आई करू शकते. या शोधाचा गाजावाजा फारसा झाला नाही. तथापि, डॉक्टरांच्या हातातले काम त्यामुळे रुग्णाच्या हातात आले आणि असंख्य लोकांना रुग्णालयापासून दूर, आपल्या घरी राहणे शक्य झाले. शुश्रूषेच्या क्षेत्रातील प्रगती पुष्कळदा अशी, वरून खाली होणाऱ्या हस्तांतरणाच्या स्वरूपाची असते. डॉक्टरांचे ज्ञान परिचारिकेकडे, परिचारिकेचे कुटुंबाकडे आणि शेवटी ज्याचे शरीर त्याच्याकडे जावे लागते. जो प्रमुख हे ज्ञान आपल्याच विभागात अडवून ठेवतो, त्याचे रुग्ण घरी गेल्यावर काही महिन्यांत व्रण घेऊन परत येतात.

हे हस्तांतरण भारतात कसे घडले याचे उत्तम उदाहरण वेल्लोर येथे पाहावयास मिळते, आणि ते घडविणाऱ्या डॉक्टर स्वतःच अधरांगघाताच्या रुग्ण होत्या. मेरी व्हर्गीस यांचा जन्म १९२५ मध्ये केरळातील चेराई येथे झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकून त्या तेथेच काम करीत होत्या व स्त्रीरोगशास्त्राकडे त्यांचा ओढा होता. १९५४ च्या जानेवारीत सहकाऱ्यांबरोबर सहलीला जात असताना त्यांचे वाहन उलटले. त्यांच्या चेहऱ्यावर खोल जखमा झाल्या आणि कमरेखालचा भाग कायमचा निकामी झाला. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डॉक्टर म्हणून नुकतीच सुरुवात होत असताना, त्या अशा रुग्णांच्या पंक्तीत जाऊन बसल्या की ज्यांच्यासाठी त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयातही वेगळी अशी काहीच व्यवस्था नव्हती.

वेल्लोरला त्या वेळी पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया करीत होते. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते, हे त्यांनी मेरी व्हर्गीस यांच्या लक्षात आणून दिले. चाकांच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर ही त्या काळी भारतात कोणी कल्पिलेली गोष्ट नव्हती. कुष्ठरोग्यांना मात्र त्याचे आश्चर्य वाटण्यापेक्षा धीरच अधिक वाटला असावा. आपल्यावर उपचार करणारी व्यक्ती आपल्याहून अधिक चालती-फिरती नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ येथे त्यांनी स्वतःचे पुनर्वसन करून घेतले आणि न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत या शाखेचे रीतसर शिक्षण घेतले. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या वेल्लोरला परतल्या, शारीरिक औषधोपचार व पुनर्वसन या विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ मध्ये गावाबाहेर बागायम येथे रुग्णांना राहता येईल अशी पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पर्थ आणि न्यूयॉर्क येथे शिकलेली पद्धत जशीच्या तशी येथे चालणे शक्य नव्हते. तेथील रुग्ण घरी जातो तेव्हा त्याच्या घराला उतरण बसविलेली असते, स्नानगृहाचे दार रुंद केलेले असते आणि पगारी मदतनीस मिळण्याचा संभव असतो. उत्तर अर्काटातील शेतमजूर घरी जातो तेव्हा झोपडीचे दार वाकून जावे इतके ठेंगणे असते, शौचाला शेतात जावे लागते, पाणी विहिरीवरून आणावे लागते आणि मदतनीस म्हणजे त्याची बायको असते, जी दिवसा मजुरीला जाते. त्यामुळे ‘रुग्ण बरा होऊन घरी जाणे’ हे वाक्य येथे वेगळ्या अर्थाने घ्यावे लागते. घर कसे आहे हे केंद्रातल्या लोकांना ठाऊक नसेल, तर केंद्रात शिकविलेले बरेचसे वाया जाते.

भारतीय रुग्णालयांत रुग्णाबरोबर नातेवाईक राहतो. सामान्यतः प्रशासनाला ती एक अडचण वाटते. त्याने कोठे निजावे, कोठे रांधावे, यावरून कुरबुरी होतात. पुनर्वसनाच्या कामात हाच नातेवाईक सर्वांत महत्त्वाचा विद्यार्थी ठरतो. बागायमसारख्या संस्थेत तो रुग्णाबरोबर राहतो आणि शिकतो: कूस कशी बदलावयाची, उशा कोठे ठेवावयाच्या, सकाळ-संध्याकाळ आरशात पाहून कातडीवर लाल डाग आहे का हे कसे तपासावयाचे, रुग्णाला खाटेवरून खुर्चीत हलविताना आपली पाठ कशी सांभाळावयाची. रुग्णही शिकतो. खुर्चीत बसला असता दर काही मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलणे, बधिर पायाजवळ चूल किंवा गरम भांडे न ठेवणे, ताप आला की आधी मूत्राकडे लक्ष देणे, हे त्याच्या अंगवळणी पडावे लागते. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबले की रक्तदाब एकाएकी चढतो, डोके ठणकते, चेहऱ्यावर घाम सुटतो. गावातील डॉक्टरला हे लक्षण ओळखता येईलच असे नाही. रुग्णाच्या बायकोला मात्र ते ओळखता आलेच पाहिजे. ती नळी मोकळी करून प्राण वाचवू शकते.

घरी पाठविल्यानंतरही संबंध तुटत नाही. वेल्लोरला दरवर्षी जुन्या रुग्णांचा मेळा भरतो. खेळ आणि स्पर्धा होतात, त्याबरोबर तपासण्याही होतात. मेळ्याचा उपयोग केवळ रुग्णांनाच होतो असे नाही. घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कळण्याचा संस्थेला दुसरा खात्रीचा मार्ग नाही. जी संस्था किती रुग्ण दाखल झाले एवढेच मोजते, तिला आपल्या कामाचा दर्जा कधीच कळत नाही.

आता शुश्रूषा करणाऱ्यांकडे वळावयास हवे, कारण कार्यक्रमांच्या अहवालांत त्यांना बहुधा शेवटच्या पानावर जागा मिळते. अंग पुसणे, मलमूत्र काढणे, भरविणे, उचलणे ही कामे आपल्या समाजात हलकी मानली गेली आहेत आणि ती परंपरेने ज्यांच्यावर लादली गेली, त्यांच्याच वंशजांना पुष्कळदा आजही या नोकऱ्या मिळतात. वेतन तुटपुंजे असते. पाठदुखी जडते. वर्षा-दोन वर्षांत माणूस सोडून जातो आणि नव्याला पहिल्यापासून शिकवावे लागते. चांगल्या प्रमुखाची ओळख येथे पटते. तो पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक रुग्णाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय कोणी हलू नये, असा शिरस्ता पाडतो. रुग्णाच्या अंगावर पहिला लाल डाग दिसताच तो सांगणाऱ्या मदतनिसाला शाबासकी देतो, रागावत नाही. डाग दाखविल्याबद्दल एकदा बोलणी खाल्लेला मदतनीस पुढचा डाग लपवतो आणि लपविलेल्या डागाचा आठवडाभरात व्रण होतो. वर्षातून काही वेळा रात्रपाळीला हजर राहणारा प्रमुख जे शिकतो, ते त्याला कोणत्याही बैठकीत शिकता येत नाही.

संस्थेतील माणसे कोणालाच जबाबदार नसली म्हणजे काय होऊ शकते, हे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे देशाला दिसले. तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली. आतील माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांतील २८ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि असे निवारे बंद करण्यात आले. त्या माणसांना तेथे आणून सोडणारी कुटुंबे सर्वच निर्दय होती असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळांजवळ दुसरा उपाय उरला नव्हता. साखळदंड हाही, शुश्रूषा करणारा माणूस नसताना त्याच्या जागी वापरलेला एक पदार्थच होता. म्हणूनच जेथे परावलंबी माणसे राहतात, तेथे त्यांची तक्रार ऐकणारी व्यक्ती त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांहून वेगळी असावी, बाहेरच्या माणसांना केव्हाही आत येता यावे, आणि दाराची कडी आतून उघडता यावी, या तीन गोष्टींबाबत तडजोड करता येत नाही.

याच तमिळनाडूत, तेनकाशीजवळच्या आयिकुडी या खेड्यात, अगदी वेगळ्या प्रकारचे काम उभे राहिले आहे. एस. रामकृष्णन हे अभियांत्रिकीचे विद्यार्थी १९७५ मध्ये नौदलाच्या अधिकारी निवडीसाठी बंगलोरला गेले असता एका कसोटीत पडले आणि मानेखालचे त्यांचे जवळजवळ सर्व शरीर लुळे झाले. १९८१ मध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षातच, त्यांनी अमर सेवा संगम ही संस्था काढली. तिची सुरुवात एका लहानशा शाळेने झाली. पुढे स्नायूंच्या क्षयाने अपंग झालेले सनदी लेखापाल एस. शंकर रामन त्यांना येऊन मिळाले. ज्यांना पाणी पिण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, अशा व्यक्तीने इतक्या मोठ्या कार्याचे नेतृत्व करावे, याचे लोकांना अप्रूप वाटते. खरे पाहता यात काही विसंगत नाही. चोवीस तास दुसऱ्याच्या हातांना सूचना देत जगणाऱ्या माणसाइतके शुश्रूषेचे बारकावे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? रामकृष्णन यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

आयिकुडीच्या कामातील लक्षणीय भाग संस्थेच्या आवाराबाहेर आहे. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना घरोघर पाठविले जाते. मान न धरणारे, वेळेवर न बसणारे मूल लवकर हुडकून काढणे आणि त्याच्या आईला रोजचे व्यायाम शिकविणे हे त्यांचे काम. मागे तज्ज्ञ उभे असतात. पुढे मात्र शेजारच्या आळीतली ओळखीची बाई असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ‘समाजाधारित पुनर्वसन’ या नावाने ज्या पद्धतीचा पुरस्कार केला, तिचा हाच गाभा आहे. शहरातले केंद्र कितीही मोठे झाले तरी या देशातील सर्व अपंगांना त्यात जागा मिळणे शक्य नाही. २०११ च्या जनगणनेत ही संख्या २ कोटी ६८ लाख एवढी नोंदली गेली, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांत राहणारे आहेत.

कायद्याने या बाबतीत बराच पल्ला गाठला आहे. १९९२ च्या कायद्याने पुनर्वसनाच्या व्यवसायांतील शिक्षणाचे नियमन सुरू झाले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मस्तिष्काघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांच्या पालकत्वाचा प्रश्न हाती घेतला. ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही अशा प्रत्येक आईबापाची विवंचना होय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने मान्यताप्राप्त प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली. ज्यांना अधिक मदतीची गरज आहे त्यांना ती मागण्याचा मार्ग त्यात ठेवला आहे आणि शुश्रूषा करणाऱ्यासाठी भत्त्याचीही तरतूद आहे. अपंग हा शब्द सरकारी कागदांतून जाऊन दिव्यांग हा शब्द आला आहे. शब्द बदलल्याने भिजलेली चादर बदलली जात नाही, हे खरे. परंतु भत्त्याने काही अंशी ती बदलली जाऊ शकते. पहाटे उठणाऱ्या बायकोच्या किंवा बहिणीच्या श्रमाला पैशांत मोजण्याची ही सुरुवात आहे. ती सर्व घरांपर्यंत सारखी पोहोचलेली नाही.

पुनर्वसन केंद्रातून घरी जाण्यापूर्वी रुग्णाची एक परीक्षा घेता येते आणि काही अनुभवी परिचारिका ती घेतातही. ज्याने त्याला पूर्वी कधी पाहिलेले नाही असा एखादा नवखा मदतनीस त्याच्याजवळ पाठवावयाचा आणि स्वतः दाराशी उभे राहावयाचे. ज्याची तयारी अपुरी आहे असा रुग्ण परिचारिकेला हाक मारतो. तयार झालेला रुग्ण त्या नवख्याकडे पाहून सांगू लागतो: आधी हात धुऊन घ्या, मग ती उशी काढा, आता एक हात खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली, ओढू नका, उचला.